टाचेचे हाड वाढले आहे असे सांगितले; इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न – साताऱ्याची लेक

नमस्कार. माझ्या आईचे वय 56 आहे. साताऱ्यात तिचे छोटे पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे 5 पासून 11 वाजेपर्यंत ती ओट्यापाशी उभी असते, तीही अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चपला घालून वावरणे तिला मुळीच पटत नाही. गेल्या 4 महिन्यांपासून तिची उजवी टाच दुखते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा घुसावा तशी कळ येते. मग ती कपाटाला धरून चवड्यावर चालत मोरीपर्यंत जाते आणि दहा-पंधरा पावलांनंतर दुखणे बरेच ओसरते. दुपारी जेवून उठताना पुन्हा तोच प्रकार होतो.

एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढल्याचे दिसले. गोळ्यांनी उतार पडला नाही तर टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. शेजारच्या काकूंनी तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकायला सांगितले आहे. आईला 6 वर्षांपासून मधुमेह आहे. वाढलेले हाड शेवटी कापावेच लागणार, या धास्तीने ती खचून गेली आहे आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायलाही कचरते आहे. काय करावे?

उत्तर 1 – फिजिओथेरपिस्ट, पुणे

ताई, वाढलेल्या हाडाची भीती आधी आईंच्या मनातून काढा. टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये असे हाड दिसते, आणि टाच असह्य दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये ते दिसतही नाही. त्यामुळे ते कापणे हा या दुखण्यावरचा नेहमीचा उपचार नाही. आपण केलेले वर्णन प्लांटर फॅसायटिसशी जुळते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो आणि तो पावलाची कमान तोलून धरतो. सततच्या ताणाने तो टाचेपाशी दुखावतो; रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहिल्याने आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला शरीराचा सगळा भार पडून एकदम ताणला जातो. म्हणून ती पहिली कळ येते.

बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना, साधारण वर्षभरात बरे होतात. मात्र त्यासाठी रोज थोडे काम करावे लागते. आईंनी सकाळी पाय जमिनीला टेकवण्यापूर्वीच पलंगावर बसून उजवे पाऊल डाव्या मांडीवर घ्यावे, हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पाहावा. पट्टा तारेसारखा ताठ लागला म्हणजे ताण योग्य ठिकाणी बसला. असे 10 सेकंद धरून 10 वेळा करावे आणि दिवसातून 3 वेळा करावे. दुपारी जेवून उठण्यापूर्वीची वेळ तर चुकवूच नये. याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणावी, कारण आखडलेली पोटरी हा भार आणखी वाढवते.

रुईच्या पानांच्या शेकाबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो: आईंच्या बाबतीत हा उपाय करू नका. मधुमेहात तळव्याची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, वीट किती तापली आहे हे कळत नाही आणि भाजल्याची जखम चिघळते. शिवाय रुईचा चीक त्वचेला दाह करतो आणि डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. संवेदना शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत बर्फाच्या बाटलीवर पाय फिरवणेही टाळावे. ही तपासणी सोपी असते: 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि रुग्णाला तो जाणवतो का, ते विचारतात.

इंजेक्शन वाईट नाही, पण ते पहिल्या पायरीवरचे नाही. त्याने काही आठवडे, फार तर काही महिने आराम पडतो. पुन्हा पुन्हा घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा आणि क्वचित तो पट्टाच तुटण्याचा धोका असतो. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा घ्यायचेच ठरले तर साखर तपासत राहावी लागेल.

उत्तर 2 – एसटी वाहक, सोलापूर विभाग

ताई, मी हे दुखणे 14 महिने सोसले आहे. गाडीत उभे राहून तिकिटे फाडायची आणि स्थानकावर उतरताना दाराचा दांडा घट्ट धरूनच खाली पाय टाकायचा, अशी माझी अवस्था होती. इंजेक्शन घेतल्यावर दीड महिना स्वर्ग वाटला, पण त्या काळात व्यायाम मुळीच केला नाही आणि दुखणे परत आले. पुढे ज्याने खरा गुण आला तो व्यायाम असा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, कठड्याला धरून 3 सेकंदांत टाच उचलायची, 2 सेकंद थांबायचे आणि 3 सेकंदांत सावकाश खाली आणायची. हे दिवसाआड करायचे. सुरुवातीला थोडे दुखते, म्हणून मी दोनदा सोडून दिले होते. तिसऱ्यांदा नेटाने धरले तेव्हा सुमारे 3 महिन्यांनी सकाळी उठल्यावर टाचेची आठवणच झाली नाही. आईंनी आधी दोन्ही पायांवर करावे. तोल जाईल असे धाडस नको.

उत्तर 3 – निनावी वाचक

एक वेगळी बाजू नोंदवतो. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही टाचा दुखत होत्या आणि वर्षभर टाचेचेच उपचार चालले. सकाळी त्याची कंबरही तासभर आखडलेली असायची, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. अखेर संधिवाताच्या तज्ज्ञांनी अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचे, म्हणजे पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिवाताचे निदान केले. ताईंच्या आईंची लक्षणे तशी वाटत नाहीत, पण हा धागा वाचणाऱ्या तरुणांनी दोन्ही टाचांचे दुखणे आणि कंबरेचा ताठरपणा एकत्र असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

साताऱ्याची लेक

सर्वांचे मनापासून आभार. हाड कापावे लागत नाही हे ऐकून आई आज कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोलली. आता चपलांचे काय करावे? आणि मशीनच्या लहरींनी टाच बरी करतात असेही ऐकले, ते खरे आहे का?

फिजिओथेरपिस्ट, पुणे

ताई, आईंची भावना मोडू नका. कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेला एक नवा जोड केवळ स्वयंपाकघरासाठी ठेवा. या तोडग्याला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक काकू राजी होतात. एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला घ्या. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी हे रबर वापरात आले आणि मधुमेहींनाही ते मानवते. पाऊल घसरू नये म्हणून मागे पट्टा असलेला जोड बघा. ओट्यापुढे जाड रबरी चटई अंथरा आणि कणीक मळणे, भाजी निवडणे ही कामे बसून करू द्या. फराळाच्या ऑर्डरी घ्याव्यात, पण करंज्या भरायला आणि लाडू वळायला बसूनच.

आपण म्हणता ती शॉकवेव्ह थेरपी. ती खरी आहे आणि काहींना तिचा उपयोगही होतो, पण 6 महिने नेटाने व्यायाम करूनही उतार पडला नाही तर तिचा विचार करतात. टाच सुजली, रात्री पडल्यापडल्याही ठणकू लागली, दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली किंवा तळव्याला मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

एवढे आजपासून करा: दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर रोज सकाळच्या पहिल्या पावलाची कळ 10 पैकी किती होती, तो आकडा लिहा. अधूनमधून एखादा वाईट दिवस येईल, त्याने घाबरू नका. 8 आठवड्यांचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि इंजेक्शनचा निर्णय तेव्हा त्यांच्याशी बोलून घ्या.