मदत हवी आहे: पात्राचा शोक आणि पार्टीतला (पात्रांच्या गटातला) बेबनाव, टेबलावरचा खेळ न बिघडवता कसा खेळावा?

नमस्कार. आमच्या खेळात गेल्या काही सेशन्सपासून एक पेच पडला आहे आणि तो बऱ्याच अंशी मीच पाडला आहे, असे मला वाटू लागले आहे. प्रसंग थोडा लांबचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही चार खेळाडू आणि एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा आणि बाकीचे जग चालवणारी व्यक्ती) दर पंधरा दिवसांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे रंगवून, फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ च्या नियमांनुसार खेळतो. माझे पात्र मिरेल ही सातव्या लेव्हलची फायटर (लढवय्यी) आहे. तिचा धाकटा भाऊ ओरेन हा डीएमने चालवलेला एनपीसी (कोणाही खेळाडूचे नसलेले पात्र) होता, परंतु मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून तो आमच्याबरोबर असे आणि सामानाची गाडी हाकत असे. पुलावरच्या एका लढाईत तो आणि आमचा रोग (rogue, चोरट्या चालींत तरबेज असे एका मित्राचे पात्र) एकाच मिनिटात मेले. रोगचे तिन्ही डेथ सेव्ह (मरणाच्या दारातल्या पात्राचे जगणे-मरणे ठरवणारे फासे) लागोपाठ हुकले. ओरेनला तर तेवढीही संधी मिळाली नाही. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत माणसाला परत आणणारा रिव्हिव्हिफाय हा स्पेल (मंत्र) आमच्या क्लेरिककडे (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पात्राकडे) तयार होता, पण त्याला लागणारा ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा आमच्याकडे एकच होता, आणि हा हिरा स्पेलबरोबरच नष्ट होतो. क्लेरिकने तो रोगसाठी वापरला.

टेबलावर बसलेल्या कोणालाही हा निर्णय चुकीचा वाटला नाही, मलासुद्धा नाही. ज्या पात्रामागे एक जिवंत मित्र बसला आहे ते वाचवायचे, हे उघडच होते. अडचण अशी की मिरेलच्या जगात 'खेळाडूचे पात्र' आणि 'एनपीसी' असा भेदच नाही. तिने एवढेच पाहिले की दोन प्रेते शेजारी पडली होती आणि क्लेरिकने क्षणभरही न थांबता तिच्या भावाकडे पाठ फिरवली. हा राग मला खरा वाटतो, आणि तो गिळून पुढच्या गुहेत शिरणे हे मला त्या पात्राशी अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्यातच काळाचा घोळ आहे, आणि माझ्या मते मूळ दुखणे तेच असावे. कथेत ओरेनला जाऊन नऊ दिवस झाले आहेत. आमच्या टेबलावर मात्र त्याला चार महिने लोटले आहेत. नऊ दिवसांत कोणी भावाला विसरत नाही, पण चार महिने दर सेशनला तेच रडे ऐकणाऱ्या मित्रांना कंटाळा आला तर त्यांना दोष कसा द्यावा? रोग खेळणारा मित्र आता विषय निघाला की विनोद करून तो उडवून लावतो. आधी मला ते खटकले, मग लक्षात आले की आपले पात्र कोणाच्या तरी बदल्यात जगले आहे, याचे ओझे त्यालाही जाणवत असणार.

गेल्या सेशनमध्ये मिरेल क्लेरिकला म्हणाली, "तू देवाला विचारले नाहीस, तू नुसता हिशेब केलास." क्लेरिक खेळणारा मित्र गप्प झाला आणि उरलेला वेळ फक्त फासे टाकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले की मी खरोखरच त्याच्यावर रागावले आहे का. मी नाही म्हटले, आणि ते खरेही होते. तरीही पात्राच्या भावना खेळाडूत झिरपतात, ज्याला ब्लीड म्हणतात, ते इथे त्याच्या बाजूने झाले आहे हे स्पष्ट आहे. कोणतेही कारण न देता प्रसंग थांबवता यावा म्हणून आमच्या टेबलावर एक्स-कार्ड ठेवलेले असते. त्याला कोणी हात लावला नाही. पण हा मित्र मुळातच कार्डाला हात लावणाऱ्यांपैकी नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. 'माझे पात्र असेच वागेल' या वाक्याआड मी लपत होते, हेही आता कबूल करते. पात्राने काय बोलावे हे शेवटी मीच ठरवत होते.

आता तातडीचा भाग. रेझ डेड या स्पेलने मृत्यूनंतर दहा दिवसांपर्यंत माणसाला परत आणता येते, पण तो आमच्या क्लेरिकला नवव्या लेव्हलच्या आधी मिळणार नाही, आणि तो करू शकणारे मंदिर बारा दिवसांच्या वाटेवर आहे. प्रेतावर जेंटल रिपोज टाकला तर ते कुजत नाही आणि त्याच्या प्रभावातले दिवस या मुदतीत धरले जात नाहीत. क्लेरिक तो टाकायला तयार आहे. त्यासाठी चिमूटभर मीठ आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवायला तांब्याचे एकेक नाणे एवढेच लागते. परंतु स्पेल टाकताना प्रेताला स्पर्श करावा लागतो, आणि मिरेलने नऊ दिवस त्याला प्रेत ठेवलेल्या गाडीजवळ फिरकू दिलेले नाही. पुढचे सेशन दहाव्या दिवसाच्या पहाटे सुरू होणार आहे.

तिने बाजूला होऊन त्याला ती नाणी ठेवू द्यावीत, असा प्रसंग मला फार मोहात पाडतो, कारण त्यात एकही माफीचे वाक्य न बोलता दोघांनाही पुढे सरकता येते. भीती अशी की ओरेन परत येण्याची आशा जिवंत राहिली तर शोकही तसाच न कुजता गाडीत पडून राहील, आणि आम्ही आणखी चार महिने तो ओढत बसू. दुसरा मार्ग म्हणजे क्लेरिकने स्पीक विथ डेड वापरावा. त्यात प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. आत्मा परत येत नाही, केवळ प्रेताला जिवंतपणी ठाऊक होते तेवढेच ते सांगते. पाच प्रश्न आणि त्यानंतर दफन, म्हणजे शोकाला एक शेवट मिळतो. मात्र त्या प्रेताच्या तोंडून काय येईल हे डीएमच्या हाती आहे, आणि ओरेनने क्लेरिकला दोष दिला तर माझा मित्र टेबलावर पुन्हा एकटा पडेल.

माझी विनंती अशी की ज्यांनी दीर्घ मोहिमेत असा शोक खेळला आहे, त्यांनी यातला कोणता मार्ग घ्यावा आणि का, हे सांगावे. असा प्रसंग मी क्लेरिक खेळणाऱ्या मित्राशी आणि डीएमशी आधी बोलून ठरवून ठेवावा का, की त्याने त्यातला जीव जाईल? आणि ज्याच्या पात्रावर राग काढला जातो त्या खेळाडूच्या जागी तुम्ही कधी असाल, तर समोरच्याने काय केले असते म्हणजे तुम्हाला ते सोसवले असते, हे मला सर्वांत आधी जाणून घ्यायचे आहे. सेशन येत्या रविवारी आहे.