मदत हवी आहे: टपाली फँटसी खेळाच्या नकाशात डोंगरवाले दर वेळी जिंकतात

ईमेलवर हुकूम पाठवून खेळायच्या 'अटलांटिस'च्या नियमांवर नवा डाव रचतोय. आठ खेळाडू, आठवड्याला एक चाल, एकूण 24 चाली. उत्तरेला जंगलातली टोळी, दक्षिणेला बंदरवाले, मधल्या डोंगरपट्ट्यात खाणींचं राज्य.

घोडं अडलंय ते घाटात. पायी सैन्याला महिन्याला (खेळातला महिना म्हणजे एक चाल) हालचालीचे 2 गुण, डोंगराचा षटकोन, म्हणजे नकाशावरचं एक घर, 2 गुण खातो, म्हणजे चालीला एकच घर. पट्टा तीन घरांचा. हल्लेखोर धापा टाकत पोचेपर्यंत डोंगरवाल्यांनी सगळी फौज समोर आणून ठेवलेली असते. मित्रांबरोबर तीन चाचणी डाव झाले, तिन्हीत तेच जिंकले.

घाटात रस्ता टाकून पाहिला. खर्च निम्मा झाला, पण 4 गुणांचे घोडेस्वार एका चालीत तिन्ही घरं पार करून थेट राजधानीच्या दारात! हुकूम सगळ्यांचे एकदमच लागू होतात, त्यामुळे बिचाऱ्या बचावाला हलायलाही वेळ नाही. डोंगरवाल्यांची सुरुवातीची चांदी कमी केली, तर खाणीतल्या लोखंडावर ते चार चालींत सावरतात.

प्रोग्रॅमला हात लावायचा नाहीये. नकाशा, सुरुवातीची पथकं आणि जिंकण्याच्या अटी एवढंच बदलता येईल. जादूगार मुद्दाम सगळ्यांना सारखेच दिलेत, तिकडे गडबड नाही.

तीनपैकी एकाच घरात रस्ता ठेवावा, की पट्टाच दोन घरांचा करावा? की नकाशा आहे तसा ठेवून डोंगरवाल्यांना जिंकण्यासाठी खाली उतरून एखादं बंदर घ्यायची अट घालावी? असा डाव कोणी चालवला असेल तर प्रत्यक्षात काय जमलं?