शाळेच्या पाण्यातलं शिसं कुठे तपासून मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. लेकीची शाळा जुन्या इमारतीत आहे. पालकसभेला गेलो तेव्हा पाण्याचा नळ पाहिला: पितळी, सांध्याला डाख दिलेला, तोटीभोवती हिरवट थर. ऑफिसात विचारलं तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) बुडवून दाखवला, "बघा, १८० च आहे!" अहो, त्यात शिसं कुठे कळतं? उकळूनही ते जात नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे लॅबच हवी.

रात्रभर नळात साचलेलं पहिलं २५० मिली पाणी घ्यायचं, एवढं वाचलंय. पुण्यात शिसं तपासणारी एनएबीएलमान्य (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली) लॅब कोणाला माहितीये? खर्च किती येतो? बाटली तेच देतात का? आणि मुख्याध्यापकबाईंना न दुखावता सकाळी शाळा भरायच्या आत नमुना कसा घ्यावा?