मदत हवी आहे: मॉडेलमध्ये खारं पाणी खाडीत पुरेसं आत शिरत नाही

गाळवट: रोम्समध्ये (समुद्राच्या प्रवाहांचं संगणकी मॉडेल) खाडी आणि बाहेरचा किनारी समुद्र एकाच ग्रिडवर चालवतोय. खाडीत १५० मीटरचे चौकोन, समुद्रात २ किमीपर्यंत. २० सिग्मा थर (तळाच्या चढउतारानुसार वाकणारे उभ्या दिशेचे थर). सीमेवर टीपीएक्सओ या जागतिक भरती-मॉडेलची भरती-ओहोटी, नदीतून ४०० घनमीटर प्रतिसेकंद. पाणीपातळी मोजमापाशी झकास जुळते. पण तळाजवळची ५ पीएसयू (क्षारतेचं एकक) क्षारतेची रेषा प्रत्यक्षात मुखापासून ३० किमी आत, मॉडेलमध्ये १४. वरची-खालची क्षारता जवळपास सारखीच. शिवाय मुखाबाहेर गोड्या पाण्याचा फुगवटा वाढतच जातो, किनाऱ्याच्या कडेने सरकत नाही. कुठे बघू?

ओहोटी: ग्रिड गुळगुळीत करण्याआधीचे आणि नंतरचे खोलीचे छेद दर २ किमीवर काढून शेजारी ठेवा. आरएक्स० (शेजारच्या दोन चौकोनांच्या खोलीतला फरक भागिले त्यांची बेरीज) ०.२ च्या खाली आणायला फिल्टर फिरवला की अरुंद चॅनेलचा तळ भरून येतो. क्षारतेचा उतार आणि मिश्रण तेच धरलं, तर वरून गोडं बाहेर अन् खालून खारं आत हा प्रवाह खोलीच्या घनाने बदलतो. १२ मीटरचे ८ झाले की जेमतेम ३० टक्के उरतो. पाणीपातळीवर भुलू नका, घर्षण कमी केलं की उथळ चॅनेलमध्येही ती जुळवता येते. चॅनेलची खोली राखा, उतार काठांकडे पसरवा, रुंदीत किमान ४-५ चौकोन हवेत.

सिग्मा२०: खोली आधी, हे खरं. मग क्षारतेची अॅडव्हेक्शन स्कीम, म्हणजे प्रवाहाबरोबर क्षारता पुढे नेण्याची आकडेमोडीची पद्धत, बघा. यू३एच ही स्कीम गोड्या-खाऱ्याच्या तीव्र सीमारेषेवर डोलते, क्षारता ऋणही दाखवते. एमपीडेटा ही दुसरी स्कीम ते टाळते पण रेषा पुसट करते. एचसिम्ट ही तिसरी वापरून बघा. पार्श्वभूमीचं उभं विसरण (वर-खाली मिसळण्याचा किमान दर) १०⁻⁴ चौ.मी./से. असेल तर १०⁻⁶ करा. तरीही थर मिसळले, तर दोष बहुधा आकडेमोडीतल्या मिश्रणाचा.

फुगवट्याचं म्हणाल, तर तो सगळाच चुकीचा नाही. बाहेरचा समुद्र निश्चल असला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे काही गोडं पाणी तिथेच घुमत राहतं. केल्विन लाटेच्या (किनाऱ्याला धरून सरकणारी लाट) दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्धात समुद्राकडे तोंड केल्यास उजवीकडे, ३-५ सेंमी/से. प्रवाह द्या. फ्लेदर सीमेवर (लाटांना बाहेर जाऊ देणारी खुली सीमा) नुसता वेग देऊ नका, त्याला साजेसा पातळीचा उतारही द्या: मध्य अक्षांशांत ५ सेंमी/से.साठी १०० किमीला सुमारे ५ सेंमी, किनाऱ्याकडे उंच.

गाळवट: छेद काढले. मूळ ११ मीटर, ग्रिडमध्ये ७. खोली परत आणली तर भरती बिघडेल ना?

ओहोटी: बिघडेल, भरतीची उंची वाढेल. मग तळाचा खडबडीतपणा वाढवून ती पुन्हा बसवा, पण आता पातळीबरोबर दोन-तीन ठिकाणचा प्रवाहवेगही जुळवा. आणि क्षारता लगेच तपासू नका. पातळी काही दिवसांत स्थिरावते, क्षारतेला कित्येक आठवडे लागतात.