मदत हवी आहे: नाशिकमध्ये टोमॅटोची चव लागेल असा स्पॅगेटी सॉस कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

प्रश्न शीर्षकातच आहे. पण तो का पडला हे सांगितलं तर तुम्हाला उत्तर देणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव निफाड तालुक्यात. थोडी द्राक्षं, बाकी टोमॅटो. अण्णांनी (माझे वडील) चाळीस वर्षं टोमॅटो पिकवला आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेऊन विकला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव दोन-तीन रुपये किलोवर आला, तेव्हा त्यांनी भरलेली गाडी माघारी आणून माल बांधावर ओतला होता. २०२३ च्या जुलैत शहरात टोमॅटो शंभरीपार गेला, तेव्हा आमच्या शेतात नुकती रोपं लागली होती. एवढं सगळं होऊनही दर पावसाळ्यात बांबू-तार-सुतळी घेऊन ते पुन्हा उभे असतात.

मी नोकरीमुळे इंदिरानगरला राहतो. मे महिन्यात अण्णा आले होते, तेव्हा मुलीच्या हट्टापायी सगळे कॉलेज रोडच्या एका कॅफेत गेलो. तिनं आजोबांसाठी रेड सॉसमधली स्पॅगेटी मागवली. प्लेट आली तर सॉस केशरी, चकचकीत, आणि कडेनं पाणी सुटलेलं. तोंडात आधी साखर, मग व्हिनेगरचा झटका, शेवटी सुक्या ओरेगानोचा वास. अण्णांनी काट्यानं दोन-चार सुतं खाल्ली, मग बोटानं नुसता सॉस चाखला आणि मला विचारलं, "यात टोमॅटो कुठंय रे?" तक्रार नव्हती. ते खरंच शोधत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी आणखी तीन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी सॉस म्हणजे सरळ पंजाबी मखनी ग्रेव्ही होती, कसुरी मेथीसकट. दुसरीकडे वरून प्रोसेस्ड चीज एवढं किसलेलं की खाली काय आहे ते कळेना. तिसऱ्या ठिकाणी, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, सॉस बराच जवळ गेला होता: लसणाचा वास नीट, टोमॅटोचे तुकडे दिसत होते. पण स्पॅगेटी इतकी शिजलेली की काट्यावर तुटत होती.

मला पांढरा किंवा पिंक सॉस नकोय. इटलीत ज्याला पोमोदोरो म्हणतात तो हवा: टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण किंवा कांदा, मीठ, बेसिलची पानं. संपलं. त्यात सुकी लाल मिरची घातली की अराब्याता. बोलोन्येझे मांसाचा असतो, त्यामुळे तो आमच्या कामाचा नाही. अण्णा माळकरी आहेत, अंडंही खात नाहीत. (सुकी स्पॅगेटी नुसत्या ड्युरम गव्हाच्या रव्याची आणि पाण्याची असते, त्यात अंडं नसतं, ही माझी खात्री करून झाली आहे. आपला बन्सी गहू त्याच जातकुळीतला, हे कळल्यावर अण्णांना फार बरं वाटलं.)

घरीही करून बघितलं. शेतातले टोमॅटो आणले, बुडाशी फुली कापून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकले, साली काढल्या, लसणाच्या तेलात चाळीस मिनिटं आटवले. सॉस आंबट झाला आणि पातळही राहिला. मग लक्षात आलं की आपण लावतो ती संकरित वाणं लांबच्या प्रवासासाठीची. जाड सालीची, टणक, आणि दिल्लीपर्यंत टिकावीत म्हणून जरा रंग धरला की तोडलेली. इटलीत सॉससाठी नावाजलेला सान मार्झानो टोमॅटो व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याकडच्या पट्ट्यात पिकतो. लांबट, बी कमी, गर जास्त. १९९६ पासून त्या नावाला युरोपात कायद्यानं संरक्षण आहे. एका पिकाला आणि गावाला असा मान मिळतो, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता मुद्द्याचं. कार्तिकात अण्णांना सत्तर वर्षं पूर्ण होतायत. चातुर्मासात ते कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही बारा जण बाहेर जेवायला जाणार आहोत. नाशिकमध्ये किंवा तासाभराच्या अंतरावर असं ठिकाण सांगा जिथे सॉस ताज्या टोमॅटोचा करतात, केचप घालत नाहीत आणि स्पॅगेटी ऑर्डर आल्यावर उकळतात. स्वतः खाल्लं असेल तरच सुचवा, कृपया. खर्चाची फार चिंता नाही.

प्रतिसाद – गोदाकाठ

एकदम खात्रीचं एकच नाव मीही देऊ शकत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते. हे दोनदा अनुभवलंय. पण शोधायचं कसं ते सांगते. दुपारी चारच्या सुमाराला फोन करा, तेव्हा किचन मोकळं असतं. 'तुमच्याकडे बेस्ट काय आहे' असं विचारू नका. रेड सॉस आज केलाय की कालचा, त्यात केचप किंवा कॉर्नफ्लोअर आहे का, आणि जैन सॉस वेगळा होतो का, एवढं विचारा. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. कांदा-लसणाशिवायचा सॉस वेगळा करून देऊ म्हणाले, तर तिथे सॉस ऑर्डरप्रमाणे होतो. नाही म्हणाले, तर एकच पातेलं सगळ्यांना.

गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क या वायनरींच्या आवारात खायची सोय आहे. माळकरी माणसाला तिथे न्यावं का, हे तुम्ही ठरवा.

प्रतिसाद – धागाकर्ता

ताई, जैन सॉसचा प्रश्न फार उपयोगी पडला. काल पाच ठिकाणी फोन केला, दोघांनी वेगळा होतो म्हणून सांगितलं. वायनरीला अण्णा येतील, त्यांची द्राक्षं वाइनला गेलेली आहेत. पण आत्याला आणि आईला अवघड वाटेल, म्हणून तो पर्याय बाजूला ठेवतोय.

प्रतिसाद – फोडणी

मी अकरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. टोमॅटोची चव रोज बदलते. आज आलेला क्रेट गोड, उद्याचा आंबट. गिऱ्हाईकाला मात्र रोज तीच चव हवी असते. केचप ही फरक झाकायची सोय आहे. ज्यांना परवडतं ते सोललेल्या टोमॅटोचे आयात केलेले डबे वापरतात. चव एकसारखी राहते, पण प्लेटची किंमत वाढते.

तुमचा घरचा सॉस बिघडला तो कृतीमुळे नाही, मालामुळे. टोमॅटो झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, देठाशीही पिवळं दिसता कामा नये. फ्रीजमध्ये ठेवू नका, चव मरते. सालीसोबत बियांकडचं पाणी थोडं काढा, पण सगळं नको, कारण चवीचा मोठा भाग त्या गाळातच असतो. आंबट झालाच तर साखर ओतण्यापेक्षा अर्धा कांदा तसाच अख्खा टाकून लोण्यात मंद शिजवा आणि शेवटी कांदा काढून घ्या. लसूण तेलात सोनेरी व्हायच्या आत टोमॅटो पडला पाहिजे, नाहीतर कडवटपणा येतो. आणि स्पॅगेटी उकळलेलं पाणी फेकू नका. त्यातला स्टार्च सॉसला धरून ठेवतो. स्पॅगेटी मिनिटभर आधी काढून सॉसमध्येच, त्या पाण्याची एक पळी घालून, मोठ्या आचेवर हलवायची. प्लेटमध्ये कडेला पाणी सुटतं ते हे न केल्यामुळे.

एक गोष्ट माळकरी मंडळींसाठी. अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर (दूध जमवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थावर) जमवतात, तो त्यांचा नियमच आहे. चीज कुठलं आहे ते विचारून घ्या, किंवा सरळ नको म्हणा. सॉस चांगला असेल तर अडत नाही.

माझा सल्ला असा: ठिकाण शोधण्याऐवजी आचारी शोधा. आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना, छोट्या कॅफेवाल्याला विचारा की आम्ही आमचे टोमॅटो आणले तर कराल का. गंगापूर रोडचं जे ठिकाण तुम्हाला जवळ वाटलं, तिथूनच सुरुवात करा. लसूण ज्याला जमलाय त्याला स्पॅगेटी दोन मिनिटं आधी काढायला सांगता येतं.

प्रतिसाद – आडगाव नाका

एवढी खटपट कशाला? या पद्धतीनं घरीच करा आणि अण्णांना वाढा. बारा माणसांचे पैसेही वाचतील.

प्रतिसाद – धागाकर्ता

दादा, घरी करणारच आहे, पण हे जेवण बाहेरच हवंय. चाळीस वर्षं अण्णांचा माल हॉटेलांच्या मागच्या दारानं आत गेला. एकदा त्यांनी पुढच्या दारानं आत जाऊन, टेबलावर बसून, तो कसा लागतो ते बघावं, एवढीच इच्छा आहे.

फोडणी, तुमचे मनापासून आभार. आज त्या गंगापूर रोडच्या ठिकाणी जाऊन आलो. आचारी तरुण आहे, दिंडोरीचा, त्याच्या घरीही टोमॅटोच. मी बोलायला लागलो तर त्यानं हातातलं काम ठेवलं आणि टोमॅटोचा वाण कोणता ते आधी विचारलं. मंगळवार ठरलाय. चीज नाही, बेसिल तो आणणार, टोमॅटो आमचे. आदल्या दिवशी थोड्या मालावर करून बघू म्हणाला. मी धाकट्या भावाला सांगून बांधाकडच्या दोन सरी न तोडता ठेवायला सांगितल्या आहेत. अण्णांना कारण सांगितलेलं नाही.

शेवटचा प्रश्न: बारा माणसांना टोमॅटो किती लागतील? वीस किलोचा क्रेट जास्त होईल ना?

प्रतिसाद – फोडणी

माणशी शंभर ग्रॅम सुकी स्पॅगेटी धरा, म्हणजे सव्वा किलो. त्याला पाच किलो पिकलेले टोमॅटो पुरतील, साली आणि पाणी जाऊन. आदल्या दिवशीच्या चाचणीला आणखी एक किलो. पण तुम्ही आठ न्या, कारण निवडताना दोन किलो बाजूला पडतातच. क्रेटमध्ये एकावर एक रचू नका, एवढे पिकलेले खाली दबतील. टोपलीत भाताचा पेंढा घालून एकच थर ठेवा. तोडताना देठ राहू द्या.