नॉर्डलिंगनला अर्धा दिवस पुरे का?

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील नॉर्डलिंगन हे तटबंदीचे गाव अर्ध्या दिवसात पाहून उरकते, असे म्हटले जाते. केवळ तटबंदीपुरते ते खरे आहे, कारण छपराखालून जाणारी तिची सुमारे २.७ किलोमीटरची फेरी रमतगमत तासाभरात होते. मात्र हे गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीपाताने घडलेल्या, जवळपास २४ किलोमीटर व्यासाच्या रीस विवरात वसलेले आहे, आणि तेच पाहायचे तर मुक्काम हवा. सेंट जॉर्ज चर्चचा करडा दगड जवळून निरखावा: त्या आघातात तयार झालेल्या या सुएव्हाइटमध्ये वितळून गोठलेल्या काचेचे काळपट तुकडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. (हिरेही आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखालचे, उगाच आशा धरू नये.) १९७० मध्ये अपोलो १४ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी खडक ओळखण्याचे धडे याच परिसरात घेतले. लोणारला काठावर उभे राहिले की सगळे विवर एका नजरेत मावते. येथे क्षितिजावरच्या टेकड्या हीच त्याची कड, म्हणून चर्चच्या ‘डॅनिएल’ मनोऱ्यावर चढल्याशिवाय त्याचा आवाका लक्षात येत नाही. रात्री दहानंतर त्याच मनोऱ्यावरून पहारेकरी दर अर्ध्या तासाने आरोळी देतो. दुसऱ्या दिवशी हारबुर्गचा किल्ला रेल्वेने गाठता येतो. ओटिंगनजवळची आउम्यूले खाण, जेथे लालसर मिश्रखडकावर करड्या सुएव्हाइटचा थर स्पष्ट दिसतो, तेथे जायला मात्र सायकल किंवा गाडी हाताशी असलेली बरी.