नदीपाकट: दोन जाती, दोन नावं

खाडीकर: माशांच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. त्यात ब्राझीलचे दोन पाकट (स्टिंगरे) आहेत, पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी आणि पोटॅमोट्रायगॉन हेन्लेई. पहिल्याला 'काळा पाकट', दुसऱ्याला 'ठिपक्यांचा पाकट' लिहिलंय. चालेल ना?

रेवती: नाही हो. ठिपके दोघांनाही आहेत. लिओपोल्डी कुळकुळीत काळा, वर पांढरट ठळक ठिपके. हेन्लेई करडा-तपकिरी, ठिपके पिवळसर. पण एखादा गडद हेन्लेई समोर आला की वाचक त्यालाच खुशाल 'काळा' म्हणणार. त्यापेक्षा नदीवरून नाव द्या. लिओपोल्डी शिंगूच्या खोऱ्यातला, हेन्लेई टोकांटिन्स-अरागुआइयाच्या. म्हणून 'शिंगू पाकट' आणि 'टोकांटिन्स पाकट'. रोमन अक्षरं पाहून 'झिंगू' करू नका, पोर्तुगीज उच्चार 'शिंगू'च आहे.

शब्दवेडा: तिकडे लिओपोल्डीला 'अराइया प्रेता' म्हणतात. प्रेता म्हणजे काळी. मूळ नाव ठेवायचा मोह झाला तरी ठेवू नका, मराठी वाचक दचकेल!

खाडीकर: 😄 बरं, 'गोड्या पाण्यातला पाकट' की 'नदीपाकट'? पाकट म्हटलं की आपल्याला समुद्रच दिसतो.

रेवती: नदीपाकट. समुद्रातले काही पाकटही नदीत शिरतात, तेवढ्यापुरते तेही गोड्या पाण्यातलेच. या दोन जाती मात्र कायमच्या नदीतल्या. समुद्री पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्यात तग धरतात. यांची ती ताकदच गेलीय. आणि गंमत बघा, हेन्लेई हे नाव ज्या याकोब हेन्ले या जर्मन शरीरशास्त्रज्ञावरून पडलं, त्याच्याच नावाचा बारीक नळीचा वळसा आपल्या मूत्रपिंडात असतो. (लिओपोल्डी हे नाव बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजावरून, 1970 मधलं.)

शब्दवेडा: शेपटीवरच्या काट्याला 'नांगी' लिहिलं असेल तर तेही बदला. नांगी विंचवाची. पाकटाचा काटा, दंतुर आणि विषारी.

खाडीकर: बदलतो. शेवटचं, टाकीत या जातींचे संकर करतात म्हणे, त्यांना काय म्हणू?

रेवती: त्यांना कुठली आलीय नदी! 'संकरित नदीपाकट' म्हणा आणि आईबापांची शास्त्रीय नावं द्या. शास्त्रीय नावं तशीही सगळीकडे हवीतच. 2022 मध्ये पनामातल्या बैठकीत दोन्ही जाती 'साइट्स'च्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, त्यामुळे परदेशी व्यापाराला परवाना लागतो, आणि परवान्यावर आपलं 'शिंगू पाकट' चालणार नाही.